दोन स्टार देणाऱ्या ताईंना, आरामखुर्चीबद्दल

नमस्कार ताई, रिव्ह्यू कालच वाचला, रात्रीच उत्तर लिहायला बसलेवते पण डोकं तापलंवतं म्हणून आज लिहितेय. तुमचं म्हणणं असं की सासऱ्यांची सागवानी आरामखुर्ची तीन आठवड्यांत दुरुस्त करून देतो म्हणून सात आठवड्यांनी दिली, साडेअकरा हजार घेतले त्यात नवी आली असती, जुन्या पद्धतीचं काम सांगून फेविकॉल लावला, मागच्या पायावरचा काळा डाग तसाच, आणि महिन्यात खुर्चीच्या हातावर चहाच्या कपाचे पांढरे गोल उठले.

उशिराचं आधी बोलते, तिथं चूक आमचीच. पावसाळ्यात चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश घाईनं मारलं की हवेतली ओल धरून पांढुरकं पडतं, त्यामुळं आमचे काका एक हात मारतात आणि उघडीपीची वाट बघत बसतात, त्यात वेत विणणारे आजारी पडले. पण हे तुम्हाला फोन करून सांगायला काय झालंवतं? उलट तुम्हीच तीनदा फोन केलात आणि आमच्या पोरानं तीनदा "परवा देतो" सांगितलं. सॉरी. "परवा" म्हणायचं नाही अशी तंबी दिलीय त्याला.

आता फेविकॉल. खुर्ची आली तेव्हा आठवतंय का, उचलली की चार पाय चार दिशांना. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा ती तुमच्या तळमजल्यात बुडालेली, तुम्हीच सांगितलंत. जुने सुतार सांधे सरसानं चिकटवायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो तो, गरम करून लावायचा, एकदम पक्का पण पाण्यात मुरला की सुटलाच. म्हणजे सागवान ठणठणीत होतं, गेले होते ते सांधे. खरं सांगायचं तर मी सरसाच्याच बाजूची, कारण पुढं कधी दुरुस्ती निघाली तर ऊब आणि ओल देऊन सांधा न तोडता उघडता येतो, यावरून आमच्या मिस्त्रींशी माझं भांडणही झालं. ते म्हणाले वहिनी, सांगलीत राहायचं, दर पावसाळ्यात पुलाचे फूट मोजत बसायचं, 40 ला इशारा 45 ला धोका, आणि परत पाण्यात सुटणारीच गोष्ट लावायची व्हय? मला उत्तर सुचलं नाही, म्हणून वॉटरप्रूफवाला फेविकॉल लावला. बिलावर लिहिलाय, तोंडी मात्र सांगायला पाहिजे होतं.

काळ्या डागाचं असं की तिथं कधीतरी कुणीतरी लोखंडी खिळा ठोकलावता, ओलं सागवान आणि लोखंड एकत्र आलं की लाकूड काळं पडतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं दोनदा काढला, वरवरचा गेला, आतला पार खोल मुरलाय. रंधा मारत गेलो असतो तर तो एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा बारीक दिसला असता. गडद रंग मारून झाकणं अर्ध्या तासाचं काम आहे, बरेच जण तसंच देतात, पण मग खाली सागवान आहे का प्लायवूड हे कुणाला कळणार.

पैशाचं म्हणाल तर वेत आणि विणकाम यातच साडेचार हजार गेले. वेत भिजवून एकेका भोकातून ओढायचा, वाळला की तो ताणून बसतो, बैठक आणि पाठ मिळून चार दिवस लागले. नवी खुर्ची त्या पैशात येते, अगदी खरं, रबरवूडची येते.

राहिले पांढरे गोल. इथं तुम्ही शंभर टक्के बरोबर. चपडा म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं घासून घासून चढवतात, काकांचं निम्मं आयुष्य मिरजेत सतार-तंबोऱ्यांवर हेच करण्यात गेलंय. झळाळी सुंदर येते पण उष्णता सोसत नाही. तंबोऱ्यावर कोण चहा ठेवत नाही हो, पण आरामखुर्चीच्या हातावर नाही ठेवायचा तर ठेवायचा कुठं? आम्ही आधी विचारायलाच पाहिजे होतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे चपडा तेवढ्यापुरता दुरुस्त होतो, स्पिरिटचा हलका हात मारून वरून परत पॉलिश, सगळी खुर्ची घासायला लागत नाही. तुम्ही घरी प्रयोग करू नका, स्पिरिट जास्त झालं की पॉलिशच निघून येतं.

हे काम फुकट करून देतो, आणि हवं असेल तर फक्त दोन्ही हात घासून त्यावर मेलामाईन नावाचं पॉलिश मारतो, चपड्यावर ते नीट धरत नाही म्हणून घासायला लागेल, चकाकी थोडी वेगळी दिसेल पण चहा चालेल. खुर्ची तुम्ही आणू नका, टेम्पो आम्ही पाठवतो, गुरुवार सोडून कधीही, दोन दिवसांत परत. तारीख मी स्वतः फोन करून सांगेन. फक्त मेलामाईनचं एकदा सासऱ्यांना विचारून ठेवा, मागच्या वेळी दुकानात आलेवते तेव्हा चकचकीत काय करू नका म्हणालेवते.