सुया, गोळ्या आणि दिनदर्शिकेवरच्या लाल खुणा

गेली अकरा वर्षे मी फोंड्याहून कदंबच्या बसने पणजीला जाते आणि दिवसभर मुद्रिते तपासते. दुपारी चारच्या सुमारास कुणी डोक्याभोवती ओला पंचा आवळून बांधावा तसे दोन्ही बाजूंनी दुखू लागते. ठणका नसतो, मळमळ नसते, चालल्याने दुखणे वाढत नाही. डॉक्टर याला ताणजन्य डोकेदुखी म्हणतात. अर्धशिशीइतकी ती तीव्र नसल्यामुळे घरात किंवा कार्यालयात ती कुणी मनावर घेत नाही आणि आपणही पर्समधली पॅरासिटामॉलची पट्टी काढून काम पुढे रेटतो.

गेल्या चतुर्थीनंतर मी गोळी घेतलेल्या प्रत्येक तारखेवर दिनदर्शिकेत लाल खूण करू लागले. महिनाअखेर खुणा भरल्या १८. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस, अशा तीन महिन्यांच्या वर घेत राहिल्यास त्या गोळ्यांनीच डोकेदुखी जडू शकते, हे मला त्यानंतर भेटलेल्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी समजावले. त्याआधी दोन ठिकाणांहून ‘ताण घेऊ नका’ एवढ्याच सल्ल्यावर माझी बोळवण झाली होती, याचे मला आजही वाईट वाटते. बाईंनी आधी गोळ्या कमी करायला लावल्या आणि पुढे दोन मार्ग ठेवले: रोज रात्री कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन, म्हणजे डोकेदुखी टाळण्यासाठी दिले जाणारे, पण सुस्ती आणू शकणारे औषध, किंवा ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा उपचार. सकाळी सुस्ती आली तर माझे काम चालणार नाही, म्हणून मी सुया निवडल्या.

सुई केसासारखी बारीक असते. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात ती टोचताना जेमतेम मुंगी चावल्यासारखे होते. मात्र ती किंचित फिरवली की आत एक जड, बधिर ओढ मनगटापर्यंत जाते. मानेच्या वर, कवटीच्या कडेखालच्या खळग्यांत दोन्ही बाजूंना सुया लावल्यावर पहिल्यांदाच जाणवले की माझे खांदे किती वर्षे कानांकडे ओढलेले होते.

मला गुण आला म्हणून सर्वांना येईल, असे मी म्हणणार नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या, ताणजन्य डोकेदुखीवरील ॲक्युपंक्चरच्या २०१६ च्या आढाव्यात १२ चाचण्या आणि २३४९ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली; जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण कितीतरी कमी होते. खोट्या, म्हणजे वरवर किंवा भलत्याच जागी टोचलेल्या सुयांशी तुलना केली, तेव्हा मात्र अंतर १०० पैकी ५२ आणि ४३ एवढेच उरले. जे डॉक्टर हे सारे थोतांड म्हणून उडवून लावतात, त्यांनी पहिली तुलना वाचावी. जे उपचारक शरीरातल्या ऊर्जावाहिन्यांची अचूक जागा सापडल्याचा दावा करतात, त्यांनी दुसरी. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०१२ साली जुनाट ताणजन्य डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकांचा विचार करावा असे सांगितले, आणि मला ती भूमिका रास्त वाटते.

माझ्या एका सहकारी वहिनींकडून मात्र पहिल्याच दिवशी तीस बैठकांचे पैसे आगाऊ घेण्यात आले, त्यांच्या गोळ्यांची साधी चौकशीही झाली नाही. हा मला रुग्णाचा विश्वासघात वाटतो. कोणते दुखणे सुयांचे नव्हे, हेही त्यांना कुणी सांगितले नाही. क्षणात पराकोटीला जाणारे दुखणे, तापासोबत मान ताठरणे, हातापायांतले बळ जाणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर थेट इस्पितळ गाठावे.

माझ्या दहा बैठका जानेवारीत संपल्या. फेब्रुवारीच्या पानावर सहा खुणा आहेत. मार्चमध्ये काम वाढले, नऊ झाल्या. एप्रिलचे पान अजून भरायचे आहे. आज अकरा तारीख आहे आणि खुणा दोन आहेत.