एफ की पी-एच

डोकं फिरलंय सकाळपासून.

मीटिंगमध्ये माझी ईमेल पडद्यावर लावली होती. उशीर झाला तरी टीम डगमगली नाही, असं म्हणताना मी इंग्रजीत 'फेझ' लिहिलेलं. एफ-ए-झेड-ई. आमचे नवे साहेब, वय वर्षं 29, यांनी सगळ्यांदेखत एफ खोडून पी-एच केलं, झेडचा एस केला आणि हसत म्हणाले, "मॅडम, स्पेलिंग जरा बघत जा." चौघं हसले. मी गप्प.

अरे बाबांनो, पी-एचवाली फेज म्हणजे चंद्राची कला, कामाचा टप्पा, नाहीतर वायरमन खांबावरून ओरडतो ना, "एक फेज गेलीय", ती! गांगरवणारं, बावचळवणारं फेझ हे निराळं. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीत, 'हाकलून लावणे' अशा अर्थाच्या शब्दात. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये दारुडा स्लाय तोंड उघडतो तेच याचं भावंड घेऊन. तिथे स्पेलिंग पी-एचनंच आहे, कबूल. पण तेव्हा स्पेलिंग कुणाचं धड होतं?

आणि गंमत म्हणजे हे क्रियापद बहुतेकदा नकारातच भेटतं. आपलं 'जुमानणे' कसं, तसंच. 'कुणाला जुमानत नाही' हे रोजचं, पण 'बंड्या आईला छान जुमानतो' असं ऐकलंय कधी?

हे सगळं मला तिथं उभं राहून सांगता आलं असतं. कर्सर त्या एफच्या शेजारी लुकलुकत होता, तेव्हाच. आम्ही मराठी शाळेतली माणसं, डिक्शनरी बघितल्याशिवाय इंग्रजी शब्द कागदावर उतरवत नाही. आणि खात्री असली तरी चारचौघांत तोंड उघडत नाही! पन्नाशी आली, तरी कुणी फाडफाड बोलणारा दिसला की घसा कोरडाच. साहेबांपेक्षा याचाच राग जास्त येतोय, लिहिता लिहिता कळलं.

दुपारी चहाच्या मशीनपाशी गाठलं त्याला. ऐकून त्यानं फोनवर शोधलं. कान लाल झाले पोराचे, कप भरून वाहायला लागला तरी बटण सोडेना. मला एकदम माझा भाचाच आठवला.

"सॉरी मॅडम. पण तेव्हाच बोलायचं ना."

म्हटलं, "बोलणार होते रे. नेमकी माझीच एक फेज गेली."