काचेनं तुमचं काय घोडं मारलंय?

तारेची घासणी! भांड्यांची! शेगडीच्या काचेवर!

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला फार्महाऊस घेऊन दोन दिवस राहायला येणारी मंडळी. बाहेर पाऊस कोसळतोय, आत काचेच्या दाराची लाकडाची शेगडी. मग पेटवायचीच. पेटवली म्हणजे काय, तर ताडपत्रीखाली अर्धा आत अर्धा बाहेर पडलेला अकेशियाचा अख्खा ओंडका सालीसकट आत कोंबला आणि "रात्रभर पुरायला पाहिजे" म्हणून हवा कमीजास्त करायच्या खालवरच्या दोन्ही पट्ट्या गच्च बंद केल्या. आग रात्रभर धुमसली. सकाळी काच बघावी तर रस्त्यावरचं डांबर. एवढ्यावर थांबले असते तरी काही बिघडलं नसतं, डांबर निघतं. पण कुणाला तरी कामसूपणाचा झटका आला. सिंकवरची तारेची घासणी, वर भांड्यांची पावडर, आणि जोर लावून गोल गोल गोल. काजळी गेली, जाणारच. मागे ओरखड्यांचं जाळं राहिलंय. जाळ पेटला की प्रत्येक ओरखडा वेगळा चमकतो, आणि पुढच्या खेपेची काजळी नेमकी त्याच चरांत घट्ट बसणार. वर जाताना काय म्हणाले? "काच स्वच्छ करून ठेवलीय हं." उपकार झाले ओ!

ही खिडकीची काच नव्हे. सिरॅमिक काच आहे, सातशे अंशांची धग सोसते, तापली म्हणून फुगत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मापाला कापून मिळत नाही ती. तिथं विचारलं की ठरलेलं उत्तर: "टफन घाला की, काय होतंय?" होतंय काय ते ऐका. टफन, म्हणजे कडक केलेल्या साध्या काचेची ताकद अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढं उतरायला लागते आणि एक दिवस भर जाळात तिचे खडीसाखरेएवढे तुकडे फरशीवर येतात. बसवणारे तर त्याहून थोर. फ्रेमचे स्क्रू ट्रकचे नट आवळावेत तसे आवळतात. अरे, लोखंड तापून वाढतं, काच वाढत नाही. मध्ये चपटी काचतंतूची पट्टी घालून स्क्रू नुसते बेतानं बसवायचे, काच किंचित हलली पाहिजे. आवळली की पहिल्याच मोठ्या जाळाला कोपऱ्यातून तडा.

आणि राग कशाचा येतो सांगू? हा उपाय परक्या मुलखातून शिकायचा नव्हता. ज्या जिल्ह्यात दोन पिढ्यांमागं घरोघरी राखेनं भांडी घासली, कंदिलाची काच राखेनं लख्ख केली, तिथली माणसं राख केळीच्या बुंध्यात ओततात आणि काचेला घासणी लावतात! शेगडी पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे हात टेकवता येईल इतकी. वर्तमानपत्राचं एक पान चुरगळून पाण्यात बुडवा आणि पिळा, ठिबकता कामा नये. बारीक पांढरी राख पिठाच्या चाळणीनं चाळून घ्या, नाहीतर त्यातला वाळूचा कण किंवा कोळशाचा खडा घासणीचंच काम करतो. ओला बोळा राखेत टेकवून काचेवर हलक्या हातानं फिरवा. काळा चिखल निघतो, तो पुसायचा, नवा बोळा घ्यायचा, तिसऱ्या बोळ्याला काच दिसते. मग कोरडा कागद. राखेत क्षार असतो, तो डांबर सोडवतो, जोर लावायचं काही कारण नाही. चकचकीत पुरवणीचं पान घेऊ नका, पाणी शोषत नाही. सीमाप्रश्नाच्या बातमीचं पान उत्तम. सुप्रीम कोर्टातला दावा २००४ पासूनचा आहे, कागद कमी पडायचा नाही.

संडासाचं ॲसिड कुणी सुचवलं तर त्याला उंबऱ्याबाहेर काढा. तापलेल्या काचेवर फवारा मारणाऱ्यालाही. तो द्राव ओघळून दाराच्या कडेच्या, हवा अडवणाऱ्या दोरीत उतरतो, दोरीचा चिकटवा सुटतो, आणि तिथून हवा शिरायला लागली की त्याच कोपऱ्यात काळा डाग. मग पुन्हा काचेलाच शिव्या! काच बिचारी सांगत असते, वाचायचं कुणी? सगळी काळी म्हणजे जळण ओलं किंवा हवा कोंडलेली. एकच कोपरा काळा म्हणजे दोरी गेली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज सुटून आली तर दोरी बदला. खालीच एक काळा पट्टा म्हणजे ओंडका काचेला टेकवून ठेवलाय. आणि ती हवेची वरची पट्टी शोभेची नाही. तिथून येणारी तापलेली हवा पडद्यासारखी काचेवरून खाली उतरते आणि धूर काचेपासून लांब ठेवते. ती बंद केली की धूर थेट काचेवर बसून गोठतो. पातळ थर असेल तर पुसायलाही नको. वाळकी लाकडं घालून, हवा उघडी ठेवून तासभर दणकून जाळ करा, काच आपली आपण उजळते.

आता हसू येतंय. एवढा थयथयाट कशासाठी? तर जाळ बघायला. आज्जीच्या चुलीला काच नव्हती, न्हाणीघरातल्या बंबाला नव्हती, जाळ दिसायचा आणि फुकट दिसायचा. इथं पैसे मोजून चुलीला काच लावायची, मग वर्तमानपत्र घेऊन गुडघे टेकून तिच्यापुढं बसायचं. आणि काच आरशासारखी झाली की जाळ बघतं कोण? सगळे मोबाईलात. दोन जोड सॉक्स मात्र शेगडीवर वाळत असतात.

पण काजूची टरफलं टाकणाऱ्याला माफी नाही! "काय झकास पेटतंय बघा." पेटणारच, तेल आहे त्यात. ते चिकट तेल काळ्या धुरातून काचेवर आणि धुराड्यात जाऊन बसतं. धुराडंही काय, गवंड्यानं दोन काटकोनी एल्बो देऊन भिंतीतून बाहेर काढलेलं, आढ्याच्या खालीच संपलेलं. धूर वर खेचणारी ओढ कुठून येणार?

आणि जळणवाला. ह्या सगळ्याचं मूळ तोच. लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या आत पाहिजे. तीस टक्क्यांचं दहा किलो घातलं की तीन लिटर पाणी आगीवर ओतलं. फोडून, सावलीत, वारा लागेल असं रचून एक उन्हाळा तरी गेला पाहिजे, जाड अकेशियाला दोन. ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, त्याच्या सुया लाकडाच्या टोकाला नाही, ताज्या फोडलेल्या पोटात खुपसायच्या. टोक नेहमीच वाळकं असतं. जळणवाला टोकच दाखवतो. विकतो वजनावर, म्हणजे पाण्याचेही पैसे. आत्ताच टेंपो लागलाय. फळीच्या फटीतून पाणी गळतंय, सालीवर शेवाळ हिरवंगार, आणि हा दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवतोय. आवाज येतोय थप्प.

"खणखणीत वाळलंय ओ!"