रोज एक पाकीट? आत्या, थांब!

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आलाय. "नव्वद टक्के भारतीयांना व्हिटॅमिन डी कमी, रोज साठ हजार युनिटचं एक पाकीट दुधातून घ्या, सांधेदुखी, हार्ट अटॅक, कॅन्सर सगळं लांब राहील, व्हिटॅमिनच आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जातं." एरवी मी असलं डिलीट करून मोकळा होतो. पण रविवारी आत्याकडे गेलो तर ओट्यावर साखरेच्या डब्यामागे फाडलेली पाकिटं, मोजली तर अकरा. अकरा दिवसांत अकरा! वर म्हणते कशी, "अरे व्हिटॅमिनच तर आहे, विष थोडीच."

तर आधी ते लघवीचं. लघवीवाटे जातात ती बी आणि सी. डी चरबीत विरघळतं, अंगात साठून राहतं. ते 60,000 युनिटचं पाकीट डॉक्टर देतात ते आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, तेही कमतरता असेल तर. स्वतःच्या मनाने घ्यायचं तर मोठ्या माणसाला दिवसाला 4,000 ही वरची मर्यादा, म्हणजे आत्या रोज पंधरापट ढोसत होती. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग सारखी तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, उलट्या, आणि तसंच रेटत राहिलं तर किडनीवर येतं. आत्याचं आठवडाभर पोट साफ होत नव्हतं, आणि बाई त्यावर इसबगोल घेत बसलेली.

कॅन्सर-हार्ट अटॅकचं म्हणाल तर अमेरिकेत व्हायटल नावाची ट्रायल झाली, जवळपास 26,000 माणसं, रोज 2,000 युनिट, पाचेक वर्षं. 2018 साली निकाल आला, दोन्हीचं प्रमाण कमी झालं नाही. 2022 मध्ये फ्रॅक्चरचंही तेच. आता त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती हे खरंय, पण मेसेज तरी कुठे म्हणतो आधी तपासा म्हणून?

बरं, कमतरता आपल्याकडे भरपूर आहे, हे मान्य करावं लागेल. दिवसभर ऑफिस नाहीतर फ्लॅट, त्यात उन्हातून डी बनवायला सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडं मऊ पडतात, तिथे हे औषध खरंच काम करतं. नव्वद टक्क्यांचा आकडा कुठून आणला ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

खाली अजून एक शेपूट आहे, सकाळी सहाला खिडकीत बसा म्हणे. काचेतून डी बनवणारे किरण येतच नाहीत आणि सहाच्या उन्हात जवळपास नसतातच, पुढे बोलायलाच नको.

आत्याच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करायला सांगितलंय, रिपोर्ट उद्या येईल. उरलेली पाकिटं माझ्या बॅगेत आहेत. आणि ज्या काकांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी स्वतः एकही घेतलेलं नाही, विचारलं मी.