मनगट तयार ठेवा

खरंखुरं प्रेम हवं असेल ना, तर मैत्रिणींनो, आधी धडपडायला शिका. मोबाइलवर रोज एक भाग येणारी कुठलीही प्रेमकथा उघडा. नायिका पहिल्याच भागात अडखळते आणि जमिनीला टेकायच्या आत दोन बळकट हात तिला झेलतात. हात उद्योगपतीचे असतात. ठाणे स्टेशनात ही सोय अजून झालेली नाही. मागच्या पावसाळ्यात मी पुलाच्या जिन्यावर घसरले, तेव्हा मागून येणाऱ्या कोळीण मावशीने आधी आपली पाटी सावरली आणि मग म्हणाली, "बघून चाल गो." पण एवढ्यावर खचू नका. जिना चुकला असेल.

नायक ओळखायचा कसा? आडनाव दुमजली असतं. वय २८, कंपन्या १७. त्या कंपन्यांत नेमकं काय बनतं हे ११८ भागांत कुणी सांगितलेलं नाही. बहुधा फायली बनत असाव्यात, कारण तो त्या सारख्या भिरकावत असतो. हसत नाही. फारच खूश झाला तर ओठाचा एकच कोपरा वर जातो. (आमच्या शेजारच्या काकांचं असं झालं तेव्हा त्यांना मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं.)

आता महत्त्वाचं. मनगट. ते कायम मोकळं ठेवा, घड्याळ-बांगड्या घालून त्याची गैरसोय करू नका. तुम्ही कॉलेजातल्या मित्राशी दोन शब्द बोललात, की तो येणार, मनगट धरणार आणि ओढत गाडीपर्यंत नेणार. तुम्ही 'सोडा मला, दुखतंय' म्हणायचं. त्याने ऐकायचं नाही. पुढच्या भागात तोच तुमच्या हातावरचे पाच बोटांचे वळ बघून कळवळणार, मध्यरात्री स्वतःच्या हाताने मलम लावणार, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी येणार. ते मलमाने नव्हे. किती काळजी घेतो! वळ उठवले कुणी, हा प्रश्न अरसिक आहे. लोकलच्या आमच्या ग्रुपमध्ये मी तो एकदा विचारला, तर घाटकोपर येईपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

ओढत नेल्यावर गाडी भरधाव सुटते. इथे मात्र लेखिकांना माझी विनंती, घोडबंदर रोड टाळा. रागाने लालबुंद झालेला नायक माजिवड्याहून निघाला की कासारवडवलीपर्यंत मेट्रोच्या खांबांशेजारी इतका वेळ उभा राहतो, की राग उतरतो, भूक लागते आणि दोघं पुडीतले शेंगदाणे वाटून खातात. मग बोलायला लागतात. सगळं कथानकच बसलं.

फोनचा पासवर्ड त्याला आपणहून देऊन टाका. तुम्ही कुठे आहात हे त्याला तसंही तुमच्याआधी कळतं. इमारतीखाली त्याची काळी गाडी रात्रभर उभी असते, आणि तुम्ही नको म्हटलंत तर दुसऱ्या दिवसापासून दोन. भारतीय न्याय संहितेत कलम ७८ नावाचं एक रसभंग करणारं प्रकरण आहे. बाईने स्पष्ट नकार देऊनही सारखं मागे लागणं, तिच्या ईमेलवर, इंटरनेटवर पाळत ठेवणं याला तिथे पाठलाग म्हणतात, आणि पहिल्याच खेपेला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोलीत कोंडून ठेवायला कलम १२७ वेगळं. हिशेब केला तर आपला नायक १५व्या भागातच आत जातो. उरलेले १०३ भाग लेखिकेने करायचं काय? शिवाय तो तिचा साहेबही. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, अध्यक्षपदी वरिष्ठ महिला. १७ कंपन्या, पण एकाही समितीची बैठक आजवर झालेली नाही. अध्यक्षबाई बहुधा त्याची आई असावी. ती नायिकेला पहिल्या भागापासून 'भिकारडी' म्हणतेय.

माझ्या आईला मी एका दुपारी सगळा गोषवारा सांगितला. मेथी निवडता निवडता तिने ऐकून घेतलं. बाहेर जाऊ देत नाही, कुणाशी बोलू देत नाही, राग आला की ताट भिंतीवर, मग रात्री गजरा. "हे तर तुझे आतोबा," ती म्हणाली. अगदी तंतोतंत. आतोबा कळव्याला दीड खोलीत राहायचे, कारखान्यात कामाला होते. भिरकावायला फायली नव्हत्या म्हणून ताटं. आत्याची ४० वर्षं कुणी क्रमशः लिहिली नाहीत. चाळीत नुसतं 'जरा तापट आहेत' म्हणायचे. तेव्हा सल्ला असा, की नायक निवडताना चटईक्षेत्र आधी बघा. समुद्र दिसणारा बंगला असेल तर तो पझेसिव्ह. दीड खोली असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

या घुम्या नायकांना मोठी परंपरा आहे, असं मला ऐकवलं जातं. आहे ना. १८४७ सालच्या 'जेन एअर'मधला मालक असाच घुमा, हुकमी, आणि पहिली बायको माळ्यावर कोंडून दुसरं लग्न करायला निघालेला. पण ती जेन सत्य कळल्यावर पहाटे घर सोडून जाते. परतते तेव्हा गाठीला स्वतःचे पैसे असतात. शार्लट ब्राँटीबाईंच्या पोथीतलं नेमकं ते पान आमच्या अ‍ॅपवर उतरलेलं नाही. नायकावर माझा राग नाही, तो बिचारा कागदी. पण स्वतःच्या पासाचे पैसे स्वतः भरणाऱ्या आम्ही बायका गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात हे वाचतो, आणि 'ती निघून गेली' एवढं तीन शब्दांचं वाक्य आमच्यासाठी कुणाला लिहवत नाही.

राहिला केदार. प्रत्येक कथेत एक केदार असतोच. तो 'तुला काय वाटतं?' असं विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तिला ताप आला तर डॉक्टरची वेळ घेतो, दार तोडत नाही. तलावपाळीवर तिच्याबरोबर कणीस खातो आणि पैसे अर्धे-अर्धे. असल्या माणसापासून चार हात लांब राहा, त्याला लवकरच अमेरिकेला पाठवतात. आमचा केदार ३१व्या भागात गेला. तो परत येईल म्हणून मी रोज नाणी मोजून पुढचा भाग उघडत होते.

काल तो आला. भाग ११८, विमानतळ, काळा गॉगल. आता त्याच्याही ९ कंपन्या आहेत. दाराशी एक मुलगी अडखळली, त्याने तिला झेललं, आणि त्याच्या ओठाचा एकच कोपरा वर गेला.

पुढचा भाग ५ नाण्यांचा आहे. भरली मी.