रात्रीचं पाणी आणि जैतापूरची भट्टी

आमच्या तालमीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. जर्मनीनं १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आता बसलेत रडत. आपण मात्र जैतापूरचा अणुप्रकल्प लवकर उरकावा. लिहिणारा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला. भट्टी कोकणच्या दारात, वीज आपल्या घरात, मग उत्साहाला काय तोटा!

मी राहतो ते जर्मनीतल्या बायर्नमध्ये, त्या तिन्हींतल्या इझार दोन भट्टीपासून फार लांब नाही. भट्टी थांबली, जळालेलं इंधन तिथंच कास्टर नावाच्या जाड लोखंडी डब्यांत उभं आहे. ते कायमचं पुरायचं कुठं, हे अजून ठरायचंय. तिकडे आसेच्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात किरणोत्सारी कचऱ्याची सव्वा लाख पिंपं टाकली. आता खाणीत पाणी झिरपतंय म्हणून तीच पिंपं वर काढायची आहेत. पैसे सरकारचे, म्हणजे माझ्या करातले. तेव्हाच्या विजेवर माझा एक दिवासुद्धा लागला नव्हता.

इथं कोळसा अजून जळतो, फ्रान्सकडून वीज घेतात, भट्टी धूर सोडत नाही, सगळं मान्य. पण ती उभी कधी राहणार? जैतापूरला बसवायची तीच ईपीआर जातीची फ्रेंच अणुभट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. जैतापूरला तर अशा सहा. तोवर आमच्या शिरोळच्या उसानं काय करायचं?

माझा भाऊ रात्री बाराला बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जातो. सरीत पाय टाकण्याआधी काठी आपटायची, मग पाऊल. दिवसा दहा तास वीज द्या म्हणून शेतकरी नेते राजू शेट्टी २०२२ मध्ये कोल्हापुरात धरणं धरून बसले होते, ते याचसाठी. ऊन पडतं, सोलरची वीज मिळते, ती नेमकी त्याच वेळी. संध्याकाळी विजेची ओढ वाढते तेव्हा कोयनेची पाण्यावरची वीज आहे, हंगामात साखर कारखान्यांची बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची वीज आहे. भट्टीला रात्रंदिवस एका लयीत चालवावं लागतं, तेव्हा कुठं तिचा भांडवली खर्च निघतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, वर बाल्कनीतल्या आठशे वॅटच्या सोलरचा फोटो टाकला. सोळा जणांनी पाहिलं, लाइक कुणीच केलं नाही, एकानं विचारलं, 'तिकडं थंडीत चालतंय काय रं ते?' डिसेंबरात फारसं चालत नाही. ते मी लिहिलं नाही.

भावाचा मेसेज वेगळा आला, ग्रुपवर नाही. 'सौर पंपाचा अर्ज अडकलाय. सातबाऱ्यावर तुजं बी नाव हाय, संमतीपत्रावर तुजी सही लागत्या. ती तेवढी कर, मग भांड कुणासंगं भांडायचं ते.'