कार्बाइनचं गोत्र कसं जुळवावं

हातात एम१ कार्बाइन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्कराची हलकी रायफल, आली की आधी काय करायचं? चालवून बघायची? छे, एवढे कसले हो अडाणी तुम्ही. आधी ती अख्खी खोलायची, पार्ट टेबलावर मांडायचे, भिंग घ्यायचं आणि एकेका तुकड्यावरचं कारखान्याचं अक्षर हुडकत बसायचं. आपल्याकडे लग्नात सगोत्र चालत नाही, इथे सगोत्रच लागतं. बॅरल, बोल्ट, हॅमर, सेफ्टी, अगदी मॅगझिनचा खटकासुद्धा एकाच घरातला पाहिजे, नाहीतर जुन्या बंदुका जमवणारे अमेरिकेतले जाणकार तुम्हाला पंक्तीला घेणार नाहीत.

घरं, म्हणजे बनवणाऱ्या कंपन्या, एकूण दहा. १९४२ ते १९४५ मध्ये त्यांनी मिळून ६० लाखांच्या वर कार्बाइन काढल्या. त्यात इनलँडच्या २६ लाखांच्या आसपास, म्हणून तिला कोणी विचारत नाही. विंचेस्टर तेवढी जुनी बंदूकवाली, बाकी बघा ना, अंडरवुड टाइपरायटरवाली, सॅगिनॉ स्टीअरिंग गिअरवाली, आयबीएम तर आयबीएमच, आणि रॉक-ओला म्हणजे ज्यूकबॉक्स, नाणं टाका गाणं ऐका. तुम्ही अर्थातच रॉक-ओलाच्या मागे लागायचं. इरविन-पेडरसनची तर एकही कार्बाइन सरकारने पास केली नाही, कॉन्ट्रॅक्ट काढून सॅगिनॉला दिलं, त्यामुळे ते नाव दिसलं की सरळ पाया पडा. नापास पोराला इतका मान दुसरीकडे कुठे नाही. आणि क्वालिटी नावाच्या कंपनीला युनियन स्विच अँड सिग्नलने जे रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचे मधले मुख्य सांगाडे, करून दिले त्यांच्यावर शिक्का काय, तर 'अन-क्वालिटी'. युनियनचं 'अन' हो. चेष्टा नाही, खरंच.

आता एक किरकोळ गोष्ट, मनावर घेऊ नका. हे कारखाने एकमेकांना पार्ट द्यायचे-घ्यायचे, एकाकडे हॅमर संपले की दुसऱ्याकडून मागवायचे, शेजारी वाटीभर साखर मागतात तसं, आणि लष्कराला हवंच होतं तसं, कुठलाही पार्ट कुठल्याही कार्बाइनला बसला पाहिजे. पुढे दुरुस्तीला आर्सेनलमध्ये, म्हणजे लष्कराच्या शस्त्रागारात, गेल्या तर बघायलाच नको. १५० आणि ३०० यार्डांची उलटी-सुलटी होणारी साधी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, काढली, अॅडजस्ट होणारी लावली, सेफ्टीचं दाबायचं बटण जाऊन फिरवायची आली, नळीवरचा पुढचा बँड बदलून संगीन अडकवायची सोय झाली. ही नवी साइट लांब, तिच्याखाली बऱ्याचदा मेकरचं नावच झाकून जातं, मागे नुसता नंबर दिसतो.

तर हे सगळं तुम्ही उलटं करायचं. जुनी साइट भरमसाट पैसे मोजून आणायची आणि ठोकून बसवायची. लाकडी दस्त्यावर ऑगस्टा आर्सेनलचा 'एए' किंवा रेड रिव्हरचा 'आरआरए' असा ठसा असेल तर पॉलिशपेपर घेऊन घासून टाका, म्हणजे ती बिचारी कुठे कुठे फिरून आली याचा जो एकच पुरावा होता तोही गेला आणि कार्बाइन एकदम ओरिजिनल झाली.

शेवटी हॅमर राहतो. त्याच्यावरचं अक्षर झिजलेलं असतं. खिडकीपाशी जा, तिरका धरा, टॉर्च मारा, तुम्हाला विंचेस्टरचा 'डब्ल्यू' दिसेल. मग बायकोला दाखवा. तिला अंडरवुडचा 'यू' दिसेल. तिला परत दाखवू नका.